चिकणावरचा हात

लिंबाजीतात्यानं आधी टिकाव वर फेकला. मग दोराला धरून, खड्ड्याच्या भिंतीतल्या खोबणीत पायाची बोटं रोवत तो स्वतः वर आला. उजवा हात मनगटापर्यंत पांढरा झाला होता. तो त्यानं धोतराला पुसला नाही. काठावर उकिडवा बसला, तंबाखू थुंकली आणि म्हणाला,

“झालं. हितून फुडं न्हाई.”

साहेबराव नमुन्याच्या पिशवीला सुतळी बांधत होता. पिशवीवर छापलेलं होतं ‘जि. उस्मानाबाद’. ते शाईनं खोडून वर ‘लातूर’ लिहायचं, खाली खड्डा नंबर, खोली, तारीख. जिल्हा होऊन दोन वर्षं होत आली होती, पिशव्या मात्र जुन्याच चालू होत्या.

“काय न्हाई तात्या?”

“चिकण लागलं. हे फोडायचं न्हाई.”

“मागच्या दहा खड्ड्यांत चिकण लागलंच हुतं की. तुमीच फोडलाव.”

“ते येगळं. हे येगळं.”

लिंबाजी हा साहेबरावाचा सख्खा चुलता. चाळीस वर्षं त्यानं विहिरी खणल्या होत्या, उदगीरपासून देगलूरपर्यंत. त्याला बोलायचं कमी आणि खणायचं जास्त ठाऊक. साहेबरावाचं उलटं होतं.

शेंदूरवाडीचा माळ सगळा तांबडा. वर अठरा-वीस फूट तांबडा दगड, भोकाभोकांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्याखाली चार फूट पांढरं चिकण, बाया चूल सारवायला नेतात ते. त्याखाली कुजलेला पिवळट मुरूम आणि मग काळा दगड. खात्याचा कॅम्प चार महिन्यांपासून या माळावर पडला होता, निकेल शोधायला. निकेल म्हणजे काय हे गावात कुणाला कळत नव्हतं. कॅम्पाचे शेटकार साहेब नांदेडचे, तरुण, सभ्य माणूस. मजुराशी अहो-जाहो बोलणारे. त्यांनी साहेबरावाला एकदा चहाची गाळणी हातात धरून समजावलं होतं. लाखो वर्षं पाऊस या माळावर पडतोय आणि झिरपतोय. दगडातलं हलकं ते पाण्याबरोबर वाहून गेलं. लोखंड जागच्या जागी गंजून राहिलं, म्हणून माळ तांबडा. निकेल असलंच, तर ते वर बसून राहत नाही. पाण्याबरोबर खाली उतरतं आणि चिकणाच्या खालच्या कुजक्या दगडात जाऊन साठतं. म्हणजे चिकण फोडल्याशिवाय नमुना नाही.

साहेबरावाला ते तोंडपाठ झालं होतं. तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेला वस्तीतला तो पहिला माणूस. चार वर्षं खात्याच्या हजेरीपटावर, रोजंदारीनं. निकेल लागलं तर कॅम्प कायम होणार होता, आणि कॅम्प कायम तर साहेबराव कायम. कॅम्पातले परगावचे खणणारे त्याला चिडवायचे, “नावाचाच सायेब हाय, पगाराचा कव्हा व्हनार?” तो हसायचा, पण रात्री तेच आठवायचा.

आणि आता हा म्हातारा पांढरा हात घेऊन बसला होता.

साहेबरावानं तो हात याआधीही पाहिला होता. प्रत्येक खड्ड्यात चिकण लागलं की तात्या टिकाव बाजूला ठेवी, गुडघे टेकी, पंजा चिकणात दाबी आणि डोळे मिटून बसून राही. बिडीभर वेळ. मग उठून पुन्हा खणायला लागे. साहेबरावाला त्याची चीड यायची. ज्या माणसानं वस्तीतलं अंगात येणं बंद पाडलं, सटवाईचा दगड उचलून बांधावर फेकला, विहाराच्या पत्र्यासाठी दारोदार फिरला, त्याच्याच चुलत्यानं सरकारी खड्ड्यात गुडघे टेकावेत? तेही साहेबासमोर?

“तात्या,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “सायबाफुडं असलं करू नगा. आपण बौद्ध हाव. छप्पन साली हे समदं सोडलं न्हवं आपण? का मनातून सोडलंच न्हाई?”

दोरापाशी उभे असलेले परगावचे दोघे-तिघे मजूर खाली बघायला लागले.

लिंबाजीनं पुतण्याकडं पाहिलं.

“सोडलं,” तो म्हणाला. “व्हय. सोडलं.”

उठला आणि पळसाच्या सावलीत जाऊन पाठमोरा बसला.

“काय झालं साहेबराव?” छत्रीखालून साहेबांनी विचारलं.

“काही नाही सर. जुनी माणसं आहेत, थोडी अंधश्रद्धा आहे. मी उतरतो.”

तो उतरला. खाली गारवा होता. बाहेर एप्रिलचं ऊन माळ भाजत होतं आणि इथं दगडाच्या भोकाभोकांतून ओल पाझरत होती, घाम फुटावा तशी. तळाला पांढऱ्या चिकणावर तात्याचा पंजा उमटला होता, पाची बोटं नीट. पंज्यात पाणी साचलं होतं, काठोकाठ. साहेबरावानं ते पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळ्यांना दिसलं, एवढंच. पहिला टिकाव त्यानं बरोब्बर त्या पंज्यावर मारला.

दुपार कलेपर्यंत तो खणत होता. पाणी जमलं की डब्यानं उपसून बादलीत ओतायचं, वरचे मजूर ती ओढून घ्यायचे, पुन्हा खणायचं. तळहाताला फोड आले. चौथ्या फुटाला टिकाव मुरमात घुसला आणि पायाखाली घोट घेतल्यासारखा आवाज झाला. डबक्यातलं पाणी गोल फिरलं आणि खाली निघून गेलं. मागं राहिली ओली माती.

साहेबराव आनंदानं ओरडला, “सर! पाणी आपोआप गेलं खाली! आता उपसायची गरज नाही!”

“छान,” वरून साहेब म्हणाले. “नमुना नीट घ्या. कडेची माती मिसळू देऊ नका.”

त्यानं नमुना नीट घेतला. पिशवी बांधली, उस्मानाबाद खोडलं, लातूर लिहिलं.

*

माळ पूर्वेला जिथं संपतो तिथं खाली वस्ती, आणि वस्तीच्या डोक्यावर, तांबड्या दगडाच्या पायथ्याशी, झिरा, दगडातून पाझरणाऱ्या पाण्याचा. दोन हात लांब, हातभर खोल. साहेबरावानं फोडलेल्या अकरा नंबरच्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर. गावानं आडावर कधी चढू दिलं नाही म्हणून वस्तीच्या पूर्वजांनी हा झिरा शोधला, की झिऱ्यापाशीच वस्ती बसली, हे कुणी सांगू शकत नव्हतं. पण तो त्यांचा होता. गाव त्याच्याकडं थुंकतसुद्धा नव्हतं.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. गावातला आड आटला, मळ्यातल्या विहिरी आटल्या. उदगीरहून टँकर आला तर आला. झिरा मात्र चालू होता. बोटाएवढी धार, पण रात्रंदिवस. मार्चमध्ये एका सकाळी पाटलाच्या घरची रुक्मिणबाई स्वतःच्या डोक्यावर घागर घेऊन वस्तीत आली आणि झिऱ्यापासून दहा पावलांवर थांबली. तिला पुढं यावं की नाही कळेना.

झिऱ्यावर साहेबरावाची आत्या, नागुबाई, दगडावर बसलेली असायची. सत्तरीची, एका डोळ्यानं अधू, जिभेनं धारदार. ती म्हणाली,

“ये माय. हुबी कामून ऱ्हायलीस?”

“तूच ओत की गं घागरीत,” रुक्मिणबाई म्हणाली.

“वरून वतायचं न्हाई हितं,” नागुबाई म्हणाली. “वरून वतलेलं पाणी म्या लई पेलंय जल्मभर. हितं रांगंत बसायचं, नंबर आला की आपल्या हातानं बुडवून घ्यायचं. पाटलीण असू का रामोशीण.”

रुक्मिणबाई रांगेत बसली. तिच्यापुढं वस्तीतल्या सरजाबाईची सून होती, मागं कुणाची तरी पोर. नंबर आल्यावर तिनं पितळी घागर त्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या नऊ बाया आल्या. आठवड्यानं अर्धं गाव. वस्तीतली म्हातारी माणसं कामधंदा सोडून नुसती बघायला येऊन बसायची. माना ताठ. साहेबरावानं ही गोष्ट कॅम्पात सगळ्यांना सांगितली होती, साहेबांना दोनदा. कायदा करून जे झालं नाही ते बोटभर धारेनं केलं होतं.

खड्डा फोडल्यावर नवव्या दिवशी धार करंगळीएवढी झाली. तेराव्या दिवशी थेंब. सोळाव्या दिवशी नागुबाईनं झिऱ्यात हात घालून तळ चाचपला, हात बाहेर काढून हुंगला, आणि दगडावरून उठली.

*

आता टँकर गावातल्या आडात रिकामा व्हायचा, आणि आडाचा नियम जुना होता. वस्तीच्या बायांनी घागरी खाली ठेवून बाजूला उभं राहायचं. गावाचं भरून झालं की कुणाला दया आली तर तिनं वरून ओतायचं. नागुबाई तिथं उभी राहू लागली. ज्या बाया दीड महिना तिच्यासमोर रांगेत बसल्या होत्या त्यांना आता तिच्याकडं बघायला जड जात होतं, म्हणून त्या मोठमोठ्यानं आपसात बोलायच्या. रुक्मिणबाईचा दीर लक्ष्मणराव एक दिवस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“शिवाशिव लई झाली न्हवं झिऱ्यावर. पाण्याला बी कळतंय.”

दीड महिना त्याच झिऱ्याचं पाणी प्यालेलं अख्खं गाव, पण एकाच्या तोंडून शब्द निघाला नाही.

साहेबराव तिथंच होता. कॅम्पाची पिपं घेऊन आला होता. लक्ष्मणरावाला शिव्या घालाव्यात एवढा राग त्याच्या घशाशी आला आणि तिथंच विझला. शिव्या घालायला तोंड लागतं. त्यानं पिपांची झाकणं लावली, एकेक करून, जी आधीच लागलेली होती.

त्या रविवारी विहारात बैठक झाली. पत्रे तापले होते. वंदना झाल्यावर भुजंग उठला. उदगीरच्या कॉलेजात जाणारा, हुशार माणूस. त्यानं जमिनीवर खडूनं माळ काढला, झिरा काढला, आणि बरोब्बर वर एक गोल काढला.

“हा अकरा नंबर. झिऱ्याच्या डोक्यावर हाय. पाणी हितं खाली गेलं. देवाबिवाचं काय न्हाई ह्यात, शिवाशिवीचं बी न्हाई. खड्ड्यानं झिरा खाल्लाय.”

सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली. खणणारा माणूस वस्तीत एकच होता.

“लिंबाजी,” नागुबाई म्हणाली. आपल्या सख्ख्या भावाला ती कधी नुसत्या नावानं हाक मारत नसे. “तूच खांदलास न्हवं?”

“खांदलो.”

“चाळीस वर्सं हिरी खांदलास. तुला ठावं न्हवतं?”

लिंबाजीनं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“मीच खांदलो,” तो म्हणाला.

साहेबराव दाराशी बसला होता, हजेरीपट मांडीवर घेऊन. त्या पटावर अकरा नंबरच्या दिवशी लिंबाजीच्या नावापुढं त्यानं स्वतःच्या हातानं अर्धा दिवस मांडला होता. त्याला फक्त पट उघडायचा होता. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. शेवटी बोलला. न बोलता तर बरं झालं असतं.

“तसं सायबाचा हुकूम हुता,” तो म्हणाला. “सरकारी काम. एकट्या तात्याला बोलून काय फायदा.”

“तू कशाला त्याची बाजू घ्यायलास?” नागुबाई उसळली. “चुलता हाय म्हून? सरकार खड्ड्यात उतरलं हुतं का टिकाव घिऊन? जो उतरला त्याचा हात हाय त्यो!”

दोघं-तिघं म्हणाले, साहेबराव मनानं चांगला आहे. लिंबाजीनं पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि उठून निघून गेला. जाताना तो साहेबरावाच्या अगदी जवळून गेला, कारण दार तेवढंच होतं. धोतराचा सोगा साहेबरावाच्या गुडघ्याला लागला. वर बघायचं धाडस साहेबरावाला झालं नाही.

*

मे संपता संपता प्रयोगशाळेचा कागद आला. शेटकार साहेबांनी तो वाचला, घडी केली, पुन्हा उलगडून वाचला.

“नाही,” ते म्हणाले. “नावापुरतंच आहे. असायचं कारणही नव्हतं. निकेल हिरवट, जड दगडात असतं. तसा दगड कुजला तर तांबड्या मातीखाली निकेल साठतं. आपला दगड काळा. त्यात मुळातच नाही, तर खाली उतरणार कुठून?”

“मग सर, शोधत कशाला होतो?”

“वरून यादी आली होती. जिथं जिथं तांबडा माळ, तिथं तिथं खड्डे घ्या.” ते हसायला गेले, हसता आलं नाही. “नवीन जिल्हा. नव्या जिल्ह्यात काहीतरी सापडावं असं सगळ्यांना वाटत होतं.”

मग साहेबरावानं झिऱ्याचं विचारलं. चिकण आणि पाणी यांचं. विचारताना ‘आम्ही फोडलं’ म्हणाला, ‘मी’ म्हणाला नाही.

साहेबांनी चष्मा काढला.

“चिकणातून पाणी जात नाही. वरच्या दगडात मुरलेलं पाणी चिकणावर थांबतं आणि उताराला बाहेर पडतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.” ते तंबूच्या खुंटीकडं बघत होते. “मी भिंत ओली पाहिली होती, साहेबराव. वहीत लिहिलंसुद्धा आहे. ‘भिंत ओलसर.’”

मग साहेबांनी पेटीतून एक लिफाफा काढला. लातूरला नव्या कार्यालयात नमुन्यांच्या कोठीवर माणूस हवा होता. कायम जागा. शिफारस केली होती, हुकूम आला होता. साहेबरावानं लिफाफा दोन्ही हातांनी घेतला. त्याचे हात थरथरले नाहीत. पुढं कितीतरी दिवस त्याला याचीच लाज वाटत राहिली.

“खड्डे, सर?”

“बुजवून घ्या. निघालेली माती परत टाका.”

पण अकरा नंबरचं चिकण जागेवर नव्हतंच. बायांनी ते सारवणाला केव्हाच नेलं होतं. गावातल्या आणि वस्तीतल्याही भिंती त्या उन्हाळ्यात पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. अकरा नंबर तसाच उघडा राहिला आणि साहेबरावानं वहीत लिहिलं, ‘अकराही खड्डे बुजविले.’ कॅम्पचे ट्रक गेले.

*

निघायच्या दिवशी सकाळी वस्ती त्याच्या दारात जमली. कायम नोकरी म्हणजे वस्तीतली पहिलीच. हार घातला. भुजंग ‘जय भीम’ म्हणाला, सगळे म्हणाले. नागुबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या आणि चिंधीचं बूच लावलेली काचेची बाटली हातात दिली, पाण्यानं भरलेली.

“लातुरात पाणी हाय का न्हाई कुणाला ठावं. वाटंत पी.”

“आत्या, तुमालाच न्हाई...”

“घे म्हनलं न्हवं. काल दोन तास हुबी ऱ्हायले त्याला.”

दोन तास उभी राहिली होती. घागर खाली ठेवून. कुणीतरी वरून ओतलं होतं.

लिंबाजी आला नव्हता. त्याचं कुणी विचारलंही नाही. महिनाभर त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

एसटी माळावरच्या फाट्यावर थांबायची. साहेबराव एकटाच चढून गेला, पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, हातात पत्र्याची बॅग. फाट्याच्या अलीकडं अकरा नंबर. खड्ड्याच्या काठावर मेख ठोकलेली, मेखेला दोर, बाजूला चिकणाचा ढीग. पांढरं, ओलं करून मळलेलं. ओघळीच्या कडेला दीड कोसावर असं चिकण निघतं. तिथून टोपल्यानं वाहून आणलं होतं, आणि एकाच माणसाच्या पायांची पाऊलवाट पडली होती.

आतून धप्प धप्प आवाज येत होता.

तो वाकला. खाली लिंबाजी चिकण ठोकून बसवायला धुम्मस हाणत होता. थोड्या वेळानं थांबला, दोराला धरून वर चढायला लागला, टोपलं भरायला. अर्ध्यावर दम घेतला. वर काठाला डोकं आलं तेव्हा त्याला पुतण्या दिसला.

“गाडी हाय न्हवं तुझी?”

“हाय.”

“मग जा की.”

“तुमी खाली जावा. टोपलं मी सोडतो.”

लिंबाजीनं त्याच्या शर्टाकडं बघितलं आणि खाली गेला. साहेबरावानं गळ्यातला हार काढून बॅगेवर ठेवला. टोपलं भरलं, सोडलं, ओढून घेतलं. पुन्हा भरलं. चौथ्या टोपल्याला एसटीचा आवाज आला. गाडी फाट्याला लागली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. दोर त्याच्या हातात होता आणि दोराला खाली वजन. गाडी निघून गेली. धुरळा हळूहळू खाली बसला.

“तात्या,” त्यानं खड्ड्यात बघत विचारलं, “चिकणावर हात कशाला ठिवतेत?”

धुम्मस थांबलं.

“वल बघाया. हात दाबायचा अन् बसायचं, एक बिडी सरंस्तवर. पंजात पाणी भरलं अन् तसंच ऱ्हायलं, की समजायचं वर पाणी हाय अन् खालचं चिकण साबूत हाय. मग गुमान वर यायचं. पंजा कोरडा ऱ्हायला तर खुशाल फोड.”

“मागचे दहा...”

“कोरडे हुते.”

“मग त्या दिशी मला सांगितलाव का न्हाई?”

“तू इचारलास कुठं?” खालून आवाज आला. त्यात राग नव्हता. “तू तर सांगत हुतास.”

साहेबरावानं एक टोपलं काठोकाठ भरून खड्ड्याच्या तोंडाशी ठेवलं, चपला काढल्या, नागुबाईची बाटली लेंग्याच्या नाडीत खोचली आणि उतरला.

तळ जवळजवळ चिकणाच्या जुन्या पातळीला आला होता. चार फुटांचं चिकण थरावर थर बसवलेलं. दोघं आळीपाळीनं धुम्मस हाणत राहिले. शर्ट पाठीला चिकटला. शेवटी लिंबाजीनं पायानं चाचपून बघितलं आणि बाजूला सरला.

“ठिव हात.”

“मी?”

“फोडलास तू. मी कशाला ठिवू?”

साहेबरावानं गुडघे टेकले. ज्या ठिकाणी आपण दुसऱ्याला गुडघे टेकल्याबद्दल हिणवलं होतं त्याच ठिकाणी. पंजा दाबला. चिकण बोटांच्या मधून वर आलं. हात काढल्यावर पाची बोटं उमटली. त्यानं बाटलीचं बूच काढलं आणि पंज्यात पाणी ओतलं. एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. लिंबाजीनं बिडी पेटवली.

दोघं बघत बसले. पाणी हललं, स्थिर झालं. त्यात आभाळाचा गोल तुकडा दिसत होता.

त्या तुकड्यात एक डोकं आलं.

“लिंबाजी! ह्यो हार हितं कसा? अन् बॅग?” नागुबाई होती. गाडी गेलेली वस्तीतून दिसते, गाडीत चढलेला माणूस दिसला नव्हता. “आता काय उकराल्लास रे बाबा? झिरा खाल्लास त्यानं पोट भरलं न्हाई का तुझं?”

लिंबाजीनं बिडीचा झुरका घेतला.

“आत्या,” साहेबराव म्हणाला. खाकरून पुन्हा म्हणाला, “आत्या, मी हाय.”

“तू? तू काय कराल्लास तितं? नोकरी गेली की तुझी!”

“तात्यानं फोडलं न्हाई. तात्या नगं म्हनत हुते. मी त्यास्नी बेइज्जत केलं चार माणसांत. फोडलं ते मी.”

पाण्यातलं डोकं तसंच होतं, हालत नव्हतं. मग ते बाजूला झालं आणि नुसतं आभाळ राहिलं. बिडी सरत आली होती. पाणी पंज्यात होतं. करंगळीच्या टोकाशीसुद्धा होतं.

बांगड्या वाजल्या. पुढच्या क्षणी काठावरचं भरलेलं टोपलं खाली आलं, दोरानं सोडलेलं नव्हे, ढकललेलं. साहेबरावापासून हातभर अंतरावर आदळलं. चिकण उडालं, पंजा मोडला, पाणी चहूकडे शिंतडलं. तोंडावर आलं तेवढं साहेबरावानं पुसलं नाही.

लिंबाजीनं रिकामं टोपलं दोराला अडकवलं आणि दोर सरसर वर गेला. वर टोपलं भरल्याचा आवाज येऊ लागला.

लिंबाजीनं बिडी विझवून कानावर ठेवली आणि सांडलेलं चिकण पायानं सारखं केलं.

“पुन्ना ठिव हात,” तो म्हणाला.